बाटली घेऊन या

टोकन एकशे बेचाळीस.
बेळगावात हायवेला लागून काचेची सहा मजली इमारत,
आत इतकं गार की सुनेनं माझा स्वेटर आणलाय
भर एप्रिलात.
शेजारी हुक्केरीच्या आजीबाई. विचारतात, "एष्टु नंबर?"
मी बोटं दाखवतो. एक, चार, दोन.
त्यांना वाटतं, सात.

निपाणीत नंबर नसायचा,
चपला असायच्या.
तंबाखूच्या वखारीखाली, चनबसाप्पा डॉक्टरांच्या पायरीवर
ज्याची चप्पल पुढं त्याचा ताप आधी.
दारावर खडूनं एक ओळ, तीच खाली कन्नडात:
बाटली घेऊन या.

कसलीही चालायची. खोबरेलाची, रॉकेलची,
एकदा मी शाईची नेली होती.
दस्तगीर कंपाउंडर आधी हुंगायचा, दोनदा विसळायचा,
गुलाबी औषध भरून वर कागदाची पट्टी डकवायचा
कातरीनं दात पाडलेली.
एक दात, एक डोस.
गुलाबी सगळ्यालाच. खोकला, जुलाब, गणिताचा पेपर.

जीभ बघायच्या आधी डॉक्टर विचारणार,
म्हैस व्याली काय रे?
कान बघताना मराठी, सुई टोचताना कन्नड,
म्हणून कितीतरी वर्षं मला वाटायचं
कन्नड ही दुखायची भाषा आहे.
"आयतु, आयतु" म्हणजे "झालं, झालं"
हे फार उशिरा कळलं.

आई वखारीत तंबाखू चाळायची.
तिच्या छातीला नळी लावायच्या आधीच ते म्हणायचे,
तोंडाला फडकं बांधत जा.
ती बांधायची नाही.
तेही त्यांना माहीत असायचं,
आणि फीचे पैसे नाहीत हेही. मग पुढच्या बाजारी
ओंजळभर संकेश्वरी मिरची.

हे सगळं सांगितलं की सून म्हणते,
मामा, किती छान होतं हो.
होतं की.

पण बाबांच्या छातीत दुखलं त्या मंगळवारी रात्री
डॉक्टर सायकलवरनं आले, पायजम्यावरच,
पोटावर टिचकी मारली, म्हणाले, वात धरलाय.
गुलाबी बाटली. आठ दात.
पहाटेपर्यंत दोन वापरून झाले होते.

इथल्या यंत्रानं अकरा मिनिटांत सांगितलं
माझी कुठली नळी किती बुजलीय, टक्क्यांसकट.
ज्या पोरानं वाचून दाखवलं त्यानं मान वर केली नाही.
पण तो बरोबर आहे,
आणि मी आहे.
बाबा एकेचाळीसचे होते.

त्यानंतर दर मंगळवारी, दवाखाना मिटला की
डॉक्टर आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायचे.
आईला काही झालेलं नसायचं.
ती पदराखालून हात पुढं करायची,
ते नाडी धरायचे, घड्याळ न बघता,
चहावर साय येईपर्यंत.
औषध नाही, फी नाही.
त्यांनी कधी काही म्हटलं नाही.
तिनं कधी हात मागं घेतला नाही.
सोळा वर्षं.
कोण कुणाला तपासत होतं
मला अजून सांगता येत नाही.

"एकशे बेचाळीस!"
पोरगी बोटाला चिमटा लावते, नखाखाली लाल उजेड पेटतो,
पडद्यावर माझी नाडी हिरवी पळते,
ती पडद्याकडं बघते, मी तिच्याकडं.
मराठीत विचारते, चंदगडकडची असावी,
घरच्यांचे आधीचे काही कागद आहेत का, वडिलांचे?
मी म्हणतो, नाहीत.

देव्हाऱ्यामागं एक बाटली आहे.
तळाशी वाळून पिवळं पडलेलं काहीतरी,
पट्टीला सहा दात शिल्लक.
आईनं ती कधी विसळली नाही.
येताना
घेऊन यायला पाहिजे होती.